वास्तुछायाचित्रण व समाजमाध्यमे

वास्तुछायाचित्रण : वास्तूचे बाह्यरूप, तिच्यातील अवकाश, रचनेचे तपशील आणि परिसराशी असलेले तिचे नाते छायाचित्रांच्या द्वारा नोंदविण्याची व त्यांचा अर्थ लावण्याची कला. या कलेची दोन प्रयोजने आरंभापासून मानली गेली आहेत : वास्तूची विश्वसनीय नोंद ठेवणे आणि जो वास्तूपर्यंत पोहोचू शकत नाही, त्याला तिचा प्रत्यय घडविणे. ही दोन्ही प्रयोजने नेहमीच सुखाने एकत्र नांदली आहेत असे नाही. २०१० नंतर समाजमाध्यमांचा जो प्रसार झाला, त्यामुळे त्यांच्यातील ताण विशेष वाढला. छायाचित्र कोणी काढावे, कोणते पाहिले जावे आणि कोणते जतन व्हावे, हे ठरविणारी यंत्रणाच या काळात बदलली. या बदलाचे स्वरूप व त्याचे मूल्यमापन हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : छायाचित्रणाचा इतिहास वास्तूपासूनच सुरू होतो. फ्रेंच संशोधक निसेफोर न्येप्स (१७६५–१८३३) याने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकीतून घेतलेल्या, आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या छायाचित्रात छपरे व भिंती दिसतात. त्या काळी प्रकाशसंवेदी पत्र्यावर प्रतिमा उमटण्यास फार वेळ लागे आणि इमारती तेवढ्या स्थिर राहत, हे त्याचे एक साधे कारण होय. लूई डागेर (१७८७–१८५१) याने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचे छायाचित्र घेतले. त्यात इमारती स्पष्ट उमटल्या, परंतु चालती माणसे व वाहने पूर्णतः नाहीशी झाली. जोडे साफ करून घेण्यासाठी थांबलेला एक इसम तेवढा त्यात शिल्लक राहिला. वास्तूच्या चित्रातून माणूस वगळला जाण्याची ही सुरुवात तांत्रिक अडचणीतून झाली. पुढे मात्र ती रूढी बनली.

१८५१ साली फ्रेंच शासनाच्या ऐतिहासिक वास्तुमंडळाने पाच छायाचित्रकारांना देशाच्या निरनिराळ्या भागांत पाठवून जुन्या चर्चवास्तू, किल्ले व पूल यांची छायाचित्रे घेण्याचे काम सोपविले. एदुआर बाल्द्यू व ग्युस्ताव्ह ल ग्रे हे त्यांपैकी दोघे. या मोहिमेतील छायाचित्रे मंडळाने प्रसिद्ध केली नाहीत, तर दप्तरी ठेवली. प्रसिद्धीशिवाय जतन ही तत्कालीन शासकीय दृष्टी होती. आजची स्थिती तिच्या नेमकी उलट, म्हणजे जतनाशिवाय प्रसिद्धी अशी आहे.

भारतातील परंपरा : मुंबईत छायाचित्रण संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली. त्याच सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने प्राचीन वास्तूंच्या नोंदीसाठी छायाचित्रणाचा अवलंब केला. टॉमस बिग्झ याने १८५५ मध्ये विजापूर, बादामी व ऐहोळे येथील वास्तूंची छायाचित्रे घेतली. मद्रास इलाख्याचा छायाचित्रकार लिनीअस ट्राइप याने १८५८ मध्ये तंजावर येथील बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावरील शिलालेखाची क्रमशः छायाचित्रे घेऊन २१ मुद्रिते एकास एक जोडून एक सलग पट्ट तयार केला. हा पट्ट एका नजरेत मावत नाही. तो वाचावा लागतो. वास्तूला तिच्या स्वतःच्या मापाने सामोरे जाण्याचे ते एक उत्तम उदाहरण होय.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ मध्ये नेमलेल्या रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याच्या बहुतेक रंगीत प्रतिकृती १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. त्याने घेतलेली लेण्यांची त्रिमितिदर्शी छायाचित्रे मात्र जेम्स फर्ग्युसन याच्या मजकुरासह १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली असल्याने टिकून राहिली. राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी मध्य भारतातील वास्तूंची घेतलेली छायाचित्रे १८८६ मध्ये प्रसिद्ध झाली. या सर्व कार्यामागे राज्यकर्त्यांची दृष्टी होती, हे खरे. कोणती वास्तू ‘स्मारक’ आणि कोणती केवळ ‘घर’ हे तिनेच ठरविले. तथापि प्रत्येक चित्रासोबत स्थळ, काळ व दिशा नोंदविण्याची जी शिस्त तिने घालून दिली, तिचा उपयोग पुरातत्त्वज्ञांना आजही होतो.

आधुनिक वास्तुकला व छायाचित्र : विसाव्या शतकात छायाचित्र हे वास्तूच्या नोंदीचे साधन न राहता तिच्या कीर्तीचे साधन बनले. मीस व्हान डेर रोअ याने १९२९ च्या बार्सेलोना येथील प्रदर्शनासाठी उभारलेला जर्मन मंडप १९३० मध्ये उतरविण्यात आला. १९८६ मध्ये तो त्याच जागी पुन्हा उभा राहीपर्यंत, म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळ, वास्तुविशारदांच्या पिढ्यांनी तो मुख्यतः मूठभर कृष्णधवल छायाचित्रांतूनच अभ्यासला. त्यातील ऑनिक्स दगडाच्या भिंतीचा रंग त्यांना त्या चित्रांतून दिसू शकत नव्हता. ल कॉर्ब्यूझ्ये याने १९२१ मध्ये आपल्या नियतकालिकात स्वतःच बांधलेल्या एका घराचे छायाचित्र छापताना त्यातील भोवतालचे तपशील पुसून टाकले होते. त्याचा छायाचित्रकार ल्यूस्यँ एर्व्हे (१९१०–२००७) याने मार्सेय व चंडीगढ येथील इमारतींचे जे छायाप्रकाशयुक्त, कापीव चौकटींचे दर्शन घडविले, त्याचा त्या इमारतींच्या आकलनावर कायमचा ठसा उमटला. अमेरिकन छायाचित्रकार ज्यूलिअस शूलमन (१९१०–२००९) याने १९६० मध्ये लॉस अँजेल्स येथील पिएर केनिगच्या काचेच्या घराचे घेतलेले रात्रीचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. त्यात शहराच्या दिव्यांवर तरंगणाऱ्या खोलीत बसलेल्या दोन स्त्रिया दिसतात. त्या त्या घरच्या रहिवासी नव्हत्या, चित्रासाठी बसविलेल्या होत्या.

तेव्हा समाजमाध्यमांनी वास्तुछायाचित्रणात कृत्रिमता आणली, हा आक्षेप इतिहासाला धरून नाही. निवड, सजावट व वगळणूक हे या कलेचे जुनेच धर्म आहेत. फरक आहे तो निवड करणाऱ्यात. पूर्वी ती संपादक करी, आणि त्याच्या निवडीस विधान, छेद व समीक्षालेख यांची जोड असे. मुंबईहून १९४६ पासून निघू लागलेल्या मार्ग या नियतकालिकाने छायाचित्र व लेख यांची अशी सांगड आपल्याकडे घातली. संपादकाची चूक दाखविता येत असे, कारण ती सही करून केलेली असे.

समाजमाध्यमांचा उदय व चौकटीचा परिणाम : इन्स्टाग्राम हे छायाचित्रप्रधान माध्यम ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झाले आणि २०१२ मध्ये फेसबुक कंपनीने ते एक अब्ज डॉलर्सना विकत घेण्याचे जाहीर केले. ऑगस्ट २०१५ पर्यंत त्यावर केवळ चौरस चित्रेच प्रसिद्ध करता येत. २०१६ मध्ये चित्रांचा कालक्रम मोडण्यात आला आणि प्रेक्षकाच्या संभाव्य आवडीनुसार त्यांचा क्रम लावणाऱ्या अल्गोरिदमकडे निवडीचे काम सोपविण्यात आले. २०२० मध्ये लहान चलच्चित्रांची सोय झाली. भारतात ती टिकटॉकवरील बंदीपाठोपाठ, जुलैमध्ये, उपलब्ध झाली.

या तांत्रिक वाटणाऱ्या बाबींचे दृश्यपरिणाम दूरगामी आहेत. चौरसात सममिती शोभते. म्हणून वर्तुळाकार जिन्याचे वरून घेतलेले दृश्य, एकसारख्या सज्जांची ओळ, घुमटाचा आतला भाग असे विषय पुढे आले. त्यानंतर उभ्या चौकटीचे प्राबल्य वाढले, तेव्हा मनोरे व अरुंद गल्ल्या यांना झुकते माप मिळाले. आडव्या पसरलेल्या वास्तू, उदा., चौकाभोवती बांधलेला वाडा, धर्मशाळा, विद्यापीठाचा परिसर, या चौकटीत बसत नाहीत आणि म्हणून दिसेनाशा होतात. हाताच्या तळव्याएवढ्या पडद्यावर एखादा क्षणच नजर ठरत असल्याने गडद रंग व तीव्र छाया यांची सरशी होते. पोत, मंद प्रकाश, आवाज, गारवा यांवर ज्या वास्तूचे सौंदर्य अवलंबून असते, ती या स्पर्धेत मागे पडते. राजस्थानातील आभानेरी येथील चांद बावडीच्या पायऱ्यांची भौमितिक नक्षी सर्वत्र परिचित झाली आहे. परंतु बदलत्या जलपातळीपर्यंत कोणत्याही ऋतूत उतरता यावे म्हणून त्या पायऱ्या आहेत आणि खाली जावे तसतशी हवा थंड होत जाते, ही त्या वास्तूची मूळ कल्पना त्या नक्षीत हरवते.

दृष्टिकोनाची पुनरावृत्ती : समाजमाध्यमांचे सर्वांत ठळक लक्षण म्हणजे एकाच वास्तूचे एकाच ठिकाणावरून घेतलेले असंख्य छायाचित्रण. जे चित्र लोकप्रिय होते, तेच पुन्हा काढण्यासाठी लोक त्या जागी जातात. हाँगकाँग येथील चोई हुंग ही १९६० नंतरच्या दशकातील अल्प उत्पन्न गटांची शासकीय वसाहत तिच्या रंगीत भिंतींमुळे, तर क्वारी बे येथील दाटीवाटीचा निवासी इमारतसमूह त्याच्या आतील चौकातून दिसणाऱ्या आकाशाच्या तुकड्यामुळे प्रसिद्धीस आला. दुसऱ्या ठिकाणी रहिवाशांना छायाचित्रणास मनाई करणारे फलक लावावे लागले. पॅरिसमधील र्‍यू क्रेम्यू या रंगीत घरांच्या गल्लीतील रहिवाशांनी २०१९ मध्ये सायंकाळी व सुटीच्या दिवशी गल्लीचे तोंड बंद करण्याची मागणी नगरपालिकेकडे केली. ऑस्ट्रियातील हालश्टाट या लहानशा गावात २०२३ मध्ये गर्दी रोखण्यासाठी प्रसिद्ध दृश्यापुढे लाकडी कुंपण घालण्यात आले होते.

या घटनांकडे केवळ पर्यटनाचा उपद्रव म्हणून पाहणे अपुरे ठरेल. क्वारी बेच्या चित्रात जी घनता सौंदर्य म्हणून दिसते, ती तेथे राहणाऱ्यांच्या दृष्टीने जागेची टंचाई आहे. चित्रात खिडक्या आहेत, भाडे नाही. वाळत घातलेले कपडे आहेत, ते घालणारा माणूस नाही. डागेरच्या चित्रातून माणूस नाहीसा झाला तो रसायनामुळे. येथे तो अभिरुचीमुळे नाहीसा होतो.

वास्तुरचनेवरील परिणाम : छायाचित्रात चांगली दिसावी म्हणूनच वास्तू रचली जाण्याची प्रवृत्तीही या काळात बळावली. उपाहारगृहे, दुकाने व वस्तुसंग्रहालये यांत छायाचित्रासाठी राखीव भिंत वा कोपरा योजणे ही सर्वसामान्य बाब झाली आहे. न्यूयॉर्क येथील हडसन यार्ड्‌स प्रकल्पातील ‘व्हेसल’ ही टॉमस हेदरविक याची रचना मार्च २०१९ मध्ये खुली झाली. १५४ जिने व सु. २,५०० पायऱ्या असलेल्या या मधाच्या पोळ्यासारख्या मनोऱ्यास चढउतार करणे व पाहणे याखेरीज दुसरे प्रयोजन नव्हते. अभ्यागतांनी तेथे घेतलेल्या छायाचित्रांवर व्यवस्थापनास व्यापक हक्क देणाऱ्या अटी प्रारंभी घालण्यात आल्या होत्या. टीका झाल्यावर त्या बदलण्यात आल्या. पुढे तेथे घडलेल्या आत्महत्यांमुळे ती वास्तू २०२१ मध्ये बंद करावी लागली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पोलादी जाळ्या बसवून अंशतः पुन्हा उघडण्यात आली. तेथील कठड्यांच्या उंचीविषयी समीक्षकांनी आधीच शंका व्यक्त केली होती. असंख्य छायाचित्रे निघूनही तो दोष त्यांत दिसला नाही. कारण छायाचित्र हे वास्तूची सुरक्षितता, टिकाऊपणा वा उपयुक्तता तपासण्याचे साधन नव्हे. त्यावरूनच वास्तूचे मोल ठरू लागले, तर या कसोट्या नकळत बाजूला पडतात.

दृश्यकथन : वास्तूचा अनुभव क्रमाने, चालत घ्यावयाचा असतो. वेरूळच्या कैलास लेण्यात गोपुरातून आत शिरताच समोर गजलक्ष्मीचे शिल्प आडवे येते, मग चौक खुला होतो, नंदीमंडप व सभामंडप ओलांडून अंधाऱ्या गर्भगृहाशी वाट संपते. भोवतालच्या कड्यावरून घेतलेल्या सर्वपरिचित चित्रात हे मंदिर वरून खाली खोदले आहे, हे सत्य उत्तम प्रकारे कळते. परंतु प्रवेशाचा हा क्रम कळत नाही. मुद्रित नियतकालिकांतील चित्रमालिका असा क्रम मांडीत असत. इन्स्टाग्रामवर २०१७ मध्ये एका प्रकाशनात दहापर्यंत चित्रे देण्याची सोय झाली, चलच्चित्रांमुळे तर गतीही आली. तत्त्वतः प्रदक्षिणेचा अनुभव देण्यास हे माध्यम कागदापेक्षा समर्थ आहे. व्यवहारात मात्र प्रेक्षक निघून जाईल या धास्तीने सर्वांत आकर्षक दृश्य आरंभीच दाखविले जाते आणि तुकडे संगीताच्या ठेक्यावर जोडले जातात. गती मिळाली, पण अवधी मिळाला नाही. गर्भगृह आधी आणि गोपूर नंतर अशा कथनात वास्तूची रचनाच उलटी होते.

माध्यमाचे लाभ : असे असले, तरी समाजमाध्यमांनी या कलेला दिलेले लाभ मोठे आहेत. छायाचित्रणाचा अधिकार मूठभर व्यावसायिकांकडून सर्वसामान्यांकडे आला. डच छायाचित्रकार इव्हान बान (१९७५– ) याच्यासारख्यांनी निर्मनुष्य, चकचकीत चित्राची रूढी मोडून वास्तू वापरणाऱ्या माणसांना पुन्हा चौकटीत आणले. २०१२ च्या सँडी वादळानंतर अर्धे अंधारात बुडालेले मॅनहॅटन त्याने हेलिकॉप्टरमधून टिपले, तेव्हा ते चित्र इमारतींचे न राहता एका शहरातील विषमतेचे चित्र ठरले. सिरियातील पॅल्मायरा येथील मंदिरे २०१५ मध्ये उद्ध्वस्त करण्यात आली, त्यानंतर प्रवाशांनी पूर्वी घेतलेली छायाचित्रे गोळा करून संगणकीय प्रतिकृती तयार करण्याचे प्रयत्न झाले. नेदर्लंड्समध्ये २०१० साली सुरू झालेल्या आणि २०१२ पासून भारतातही झालेल्या ‘विकी लव्ह्‌ज मॉन्युमेंट्स’ या उपक्रमाने वारसावास्तूंची नामस्थळांसह छायाचित्रे मुक्त परवान्याखाली उपलब्ध करून दिली.

मुंबईचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. येथील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहास जून २०१८ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. त्यात ९४ इमारतींचा समावेश आहे. ‘आर्ट डेको मुंबई’ हा न्यास अशा इमारतींची पद्धतशीर नोंद करून ती समाजमाध्यमांवरून प्रसृत करतो. मरीन ड्राइव्हपुरते न थांबता उपनगरांतील मध्यमवर्गीय इमारतींचे छज्जे, लोखंडी जाळ्या, गोल खिडक्या, प्रवेशद्वारावरील अक्षरे यांकडे त्याने लक्ष वेधले. आपण राहतो ती इमारत पाहण्याजोगी आहे, ही जाणीव रहिवाशांत निर्माण होणे, हे संरक्षणाच्या दृष्टीने कायद्याइतकेच मोलाचे आहे. हे शक्य झाले ते चित्रासोबत नोंद असल्यामुळे.

वारसासंरक्षणातील मर्यादा : दिल्लीच्या प्रगती मैदानावरील राज रेवल यांची ‘हॉल ऑफ नेशन्स’ (१९७२) ही महेंद्र राज यांच्या संरचनेनुसार काँक्रीटमध्ये उभारलेली वास्तू देशविदेशांतील निषेधास न जुमानता एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत पाडण्यात आली. अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेतील लुई कानच्या वसतिगृहांपैकी बहुतेक पाडण्याचा बेत डिसेंबर २०२० मध्ये जाहीर होताच जगभरातून निषेध उमटला व तो १ जानेवारी २०२१ रोजी मागे घेण्यात आला. परंतु नोव्हेंबर २०२२ मध्ये संस्थेने आपली भूमिका पुन्हा बदलली. त्या काळात विटांच्या कमानींची सुंदर छायाचित्रे विपुल फिरली. संस्थेचे म्हणणे मात्र गळती, भेगा व भूकंपोत्तर दुर्बलता यांविषयी होते, आणि त्याला उत्तर देऊ शकतील किंवा त्याची पुष्टी करू शकतील अशी चित्रे त्यांत क्वचितच होती. कौतुकाने निर्णय लांबविता येतो. तो बदलण्यास पुरावा लागतो.

जतन व विश्वसनीयता : समाजमाध्यम हे अभिलेखागार नव्हे. चित्र चढविताना त्याचा आकार कमी केला जातो, त्यासोबतची तांत्रिक माहिती बहुधा काढून टाकली जाते आणि खाते बंद झाल्यास चित्रही जाते. १८५८ चे तंजावरचे पट्ट आज पाहता येतात. दहा वर्षांपूर्वी मोबाइलवर घेतलेले, आता पाडलेल्या घराचे चित्र सापडेलच असे नाही. मुंबईतील १९२०–३० या दशकातील बी. डी. डी. चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. सु. १६० चौ. फुटांची खोली, सामाईक मार्गिका, सणासुदीला भरणारे पटांगण यांची खरी छायाचित्रे रहिवाशांनीच घेतलेली आहेत. ती विखुरलेल्या खाजगी खात्यांतच राहिली, तर कामगारवर्गाच्या गृहजीवनाचा एक महत्त्वाचा पुरावा वास्तूबरोबरच नष्ट होईल. २०२२ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने अस्तित्वात नसलेल्या वास्तूंची हुबेहूब चित्रे करणे सुलभ झाल्याने नाव, स्थळ व दिनांक यांवाचून असलेल्या चित्राचे पुरावामूल्य आणखी घटले आहे.

कायद्याची अडचण भारतात तुलनेने कमी आहे. प्रतिलिपी अधिकार अधिनियम १९५७ च्या कलम ५२ अन्वये वास्तूचे छायाचित्र घेणे व प्रसिद्ध करणे हा हक्कभंग ठरत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानेही २०१८ मध्ये, अजिंठ्याची चित्रे व ताजमहालाचा कबरीचा भाग यांसारखे अपवाद वगळता, संरक्षित स्मारकांत छायाचित्रणास मोकळीक दिली. साधन आहे, अनुज्ञा आहे. उणीव आहे ती नोंदीच्या शिस्तीची व संग्रह करणाऱ्या संस्थांची.

मूल्यमापन : समाजमाध्यमांमुळे वास्तुछायाचित्रण ऱ्हासास लागले, असे सरसकट विधान करता येणार नाही. त्यांनी पाहणाऱ्यांची व दाखविणाऱ्यांची संख्या अपूर्वपणे वाढविली आणि उपेक्षित वास्तूंना प्रथमच प्रेक्षक मिळवून दिले. परंतु जे लक्ष वेधते तेच महत्त्वाचे, हा त्यांचा निकष वास्तुकलेच्या प्रकृतीशी जुळणारा नाही. वास्तू ही पहिल्या नजरेसाठी नव्हे, तर अनेक वर्षांच्या वापरासाठी बांधली जाते. म्हणून चांगल्या वास्तुछायाचित्राची कसोटी तो किती जणांनी पाहिला ही नसून, वास्तू नाहीशी झाल्यावर त्यावरून तिच्याविषयी किती सांगता येईल, ही असली पाहिजे. प्रसिद्ध कोनाबरोबर मागील बाजू, दर्शनी भागाबरोबर जिना, इमारतीबरोबर तिचा रहिवासी, आणि प्रत्येक चित्राबरोबर नाव, स्थळ व दिनांक एवढे पथ्य सामान्य छायाचित्रकारानेही पाळले, तर आज केवळ करमणूक म्हणून काढली जाणारी चित्रे उद्याच्या इतिहासाची साधने ठरू शकतील. ग्रंथालये, वास्तुकला महाविद्यालये व पुरातत्त्व विभाग यांनी ती वेळीच गोळा करणे, हे या बाबतीतील सर्वांत निकडीचे कार्य होय.